साध्या गाठीची बखर

माझी थोरली आत्या, जिला आम्ही सगळे माई म्हणायचो, २०११ च्या मार्गशीर्षात न्यूमोनियाने गेली. वय ब्याऐंशी. तेरावा झाल्यावर वाईच्या घरातली आवराआवर माझ्याकडे आणि माझ्या आतेबहिणीकडे आली. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आतोबांनी ठेवलेल्या विम्याच्या पावत्या, घरपट्टीचे कागद, जुनी रेशनकार्डे होती. आतोबा कचेरीत कारकून होते. घरात आलेल्या प्रत्येक कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने 'पोचले' असे लिहून तारीख टाकायची त्यांची सवय. त्या गठ्ठ्यात १९६७ सालचा, इंग्रजीत टाइप केलेला एक कागद निघाला. माईचे नाव, वय अडतीस, 'डावा स्तन', मग चार ओळींचे वर्णन आणि शेवटी निष्कर्ष: क्रॉनिक सिस्टिक मास्टायटिस. त्याच्या खाली आणखी एक ओळ. कर्करोगाची चिन्हे आढळली नाहीत.

माईचा डावा स्तन १९६७ साली काढला होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते आणि कोणी कधी बोलत नव्हते. तिला कॅन्सर झाला होता आणि ती त्यातून वाचली, एवढीच आमची माहिती. तिचीही तेवढीच. चव्वेचाळीस वर्षे ती ब्लाउजच्या आत सुती कापडाची घडी घालत आली. तिचा तांब्या-पेला वेगळा होता; तो तिनेच वेगळा केला होता. आम्हा भाचरांना ती मांडीवर घ्यायची नाही. सत्तरच्या दशकात माझ्या आतेबहिणीचे एक जुळत आलेले स्थळ 'आईला तसला रोग होता' हे कळल्यावर मोडले. कागदाच्या पाठीवर आतोबांच्या अक्षरात 'पोचले' लिहिलेले होते आणि तारीख शस्त्रक्रियेनंतर तीन आठवड्यांची होती.

मी डॉक्टर नाही. सव्वीस वर्षे बँकेत दुसऱ्यांच्या खातेवह्या तपासल्या. वैद्यकाचे जे काही वाचले ते त्या कागदापायी. आधी मला फक्त त्या तीन इंग्रजी शब्दांचा अर्थ हवा होता. पण शब्दाच्या मागे लागले की माणूस कुठल्या कुठे जातो. कर्करोगाच्या इतिहासावर कपाटभर पुस्तके आहेत. साध्या गाठीचा इतिहास मात्र सलग असा कुठे सापडेना. तो कर्करोगाच्या पुस्तकांत, 'हा कर्करोग नव्हे' अशा पोटकलमांत विखुरलेला आहे. खरे तर स्तनाच्या तक्रारी घेऊन दवाखान्यात येणाऱ्या दहा बायकांपैकी साधारण नऊ जणींना कर्करोग नसतो. म्हणजे हा बहुसंख्यांचा इतिहास आहे.

आपल्याकडचा जुना आधार सुश्रुताचा. निदानस्थानाच्या दहाव्या अध्यायात विसर्प आणि नाडीव्रण यांच्या सोबतीने स्तनरोग येतात. त्यात एक विलक्षण विधान आहे: कन्यांच्या स्तनातल्या वाहिन्यांची तोंडे मिटलेली असतात, त्यामुळे त्यांना स्तनाचे रोग होत नाहीत, गर्भार आणि बाळंतिणींच्या वाहिन्या मोकळ्या होतात, म्हणून रोग त्यांना होतात. यावरून ग्रंथकाराच्या डोळ्यांसमोर कोण होते ते कळते. दूध तुंबलेली, ताप भरलेली, छातीला हात लावू न देणारी बाळंतीण. तिच्यासाठी दिलेला सल्ला आजही ऐकण्यासारखा आहे. गळू कच्चे असो, पिकत असो वा पिकलेले असो, दूध काढत राहावे. आणि शस्त्र लावायची वेळ आलीच तर दूध वाहणाऱ्या नाड्या आणि काळे स्तनाग्र टाळून लावावे. पुढच्याच अध्यायात ग्रंथी आणि अर्बुद यांचे वर्णन आहे. अर्बुद गोल, जागचे न हलणारे, फारसे न दुखणारे, खोल मुळाचे, सावकाश वाढणारे आणि न पिकणारे. गाठ दुखत नाही म्हणून ती साधी, असे आजही पुष्कळ बायका समजतात. त्यांना हे वर्णन वाचून दाखवावेसे वाटते.

विशीतल्या मुलीच्या स्तनात येणारी, बोटांखालून निसटणारी गोटीसारखी गाठ मात्र सुश्रुताच्या स्तनरोगांत बसत नाही. आणि आज तपासणीला येणाऱ्या मुलींत सर्वांत जास्त तीच दिसते.

आता थेट पॅरिसला जाऊ, कारण माईच्या कागदाशी मिळतीजुळती अशी जी एक कहाणी मला सापडली ती तिथली आहे. फॅनी बर्नी ही इंग्लंडमधली नावाजलेली कादंबरीकार एका फ्रेंच सेनाधिकाऱ्याशी लग्न करून फ्रान्समध्ये राहत होती. तिच्या उजव्या स्तनात दुखू लागले, गाठ लागू लागली. डॉक्टरांनी कर्करोग म्हटले. ३० सप्टेंबर १८११ रोजी तिच्या राहत्या घरी स्तन काढला गेला. शस्त्रक्रिया करणारा बॅरन लारे हा नेपोलियनच्या फौजेचा प्रख्यात सर्जन होता. भूल नव्हती, ईथर यायला अजून पस्तीस वर्षे होती. द्राक्षासवाचा एक प्याला आणि तोंडावर टाकलेला पातळ रुमाल, एवढाच आसरा. रुमाल इतका तलम होता की भोवती उभी असलेली माणसे आणि चकाकणारे पाते तिला त्यातून दिसत होते. शस्त्रक्रिया वीस मिनिटे चालली, असे तिने बहिणीला लिहिले. ते पत्र लिहायला तिला काही महिने लागले आणि लिहिलेले परत वाचण्याचे धाडस तिला झाले नाही.

बर्नी त्यानंतर अठ्ठावीस वर्षांहून अधिक जगली आणि १८४० मध्ये सत्त्याऐंशीव्या वर्षी वारली. म्हणूनच वैद्यकाच्या इतिहासकारांत तिच्या गाठीवरून वाद आहे. उपचाराविना मोठी होत गेलेली कर्करोगाची गाठ, आणि पुढे अठ्ठावीस वर्षे काही नाही? का मुळात ती साधीच गाठ होती? काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धतच तेव्हा नव्हती, त्यामुळे हा वाद मिटणार नाही. माईचा वाद तीन आठवड्यांत मिटला होता. तिला तो कळला नाही, एवढेच.

बर्नीच्या शस्त्रक्रियेनंतर अठरा वर्षांनी, १८२९ मध्ये, लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या सर अ‍ॅस्टली कूपर यांनी स्तनाच्या आजारांवर चित्रांसह एक मोठा ग्रंथ काढला. त्याचा पहिला भाग केवळ कर्करोग नसलेल्या आजारांवर होता. दुसरा भाग कर्करोगावर यायचा होता तो कधी आलाच नाही, हे मला नेहमी गमतीचे वाटते. साध्या गाठीला मिळालेला हा पहिला मान. कूपर यांची बॅरोनेट ही पदवीही एका साध्या गाठीचीच कमाई होती: १८२१ मध्ये राजा चौथा जॉर्ज याच्या डोक्यावरची चरबीची गाठ त्यांनी काढली होती. राजाच्या डोक्यावरची गाठ काढायला त्यांची छाती धडधडत होती, असे सांगतात. जखम चिघळली असती तर पदवीऐवजी काय मिळाले असते कोण जाणे.

कूपर यांनी केलेले काम आज साधे वाटते. त्यांनी गाठींची फोड केली. पाण्याने भरलेल्या पिशव्यांसारख्या गाठी वेगळ्या. तरुणींमधल्या, सरकणाऱ्या, सावकाश वाढणाऱ्या घट्ट गाठी वेगळ्या. आज फायब्रोअ‍ॅडिनोमा म्हणतात त्याच या. गाठ नसताना नुसताच दुखणारा, पाळीच्या आधी जास्त ठणकणारा स्तन वेगळा. मिळेल त्या गाठीवर जळवा, लेप आणि सुरी चालवण्याच्या काळात हे तीन ढीग वेगळे करणे म्हणजे किती बायकांची सुटका होती!

याच ग्रंथात कूपर यांनी गंडमाळेच्या प्रकृतीच्या तरुणींच्या स्तनात येणाऱ्या एका सुजेची नोंद केली आहे. स्तनाच्या क्षयरोगाचे वैद्यकीय वाङ्मयातले हे पहिले वर्णन मानतात. युरोपात तो आजार दुर्मीळ झाला. आपल्याकडे तो अजून आहे आणि पुष्कळदा कर्करोगाचे सोंग घेऊन येतो. स्तनात कठीण गाठ, काखेत गाठी, कधी त्वचेला पडलेले भोक आणि त्यातून वाहणारा स्राव. सुईने तुकडा घेऊन तपासला की क्षय निघतो आणि क्षयाच्याच गोळ्यांनी बरा होतो. तपासण्याआधी स्तन काढला तर तो फुकट गेला.

कूपर बोटांनी ओळखत होते. पुढची पिढी सूक्ष्मदर्शकाने ओळखू लागली आणि गोंधळ कमी होण्याऐवजी वाढला. १८३८ मध्ये बर्लिनच्या योहान्नेस म्यूलर यांनी पानांसारख्या रचनेच्या एका मोठ्या गाठीला 'सिस्टोसार्कोमा फायलोडिस' असे नाव दिले. सार्कोमा म्हणजे तेव्हा नुसता मांसल गोळा. म्यूलर स्वतः ती गाठ निरुपद्रवी समजत होते. पुढे सार्कोमा शब्दाला कर्करोगाचा अर्थ चिकटला आणि ते नाव वाचून सर्जन घाबरू लागले. त्यातल्या बहुतेक गाठी साध्या असतात, काही खरोखरच उलटतात. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत नावाने मात्र सगळ्यांनाच घाबरवले. पॅरिसमध्ये १८५४ च्या सुमारास व्हेल्पो यांच्यासारखा स्तनरोगांवर जाडजूड ग्रंथ लिहिणारा सर्जन, सूक्ष्मदर्शकवाल्यांना आमच्या बोटांपेक्षा जास्त काय कळते, म्हणून अकादमीत भांडत होता. त्याचेही अगदीच चुकत नव्हते.

माईच्या कागदावरचा शब्द या पुढच्या काळातला. १८८३ मध्ये पॅरिसच्या पॉल रेक्लू यांनी दोन्ही स्तनांत द्राक्षांच्या घोसासारख्या पसरलेल्या पाण्याच्या गाठींचे वर्णन केले. (हे रेक्लू प्रसिद्ध भूगोलतज्ज्ञ एलिझे रेक्लू यांचे धाकटे भाऊ.) १८९२ मध्ये जर्मनीत शिमेलबुश यांनी त्याच गोष्टीला दुसरे नाव दिले आणि पुढच्या वर्षी कोनिग यांनी तिसरे: जुनाट, पिशव्यांचा स्तनदाह. क्रॉनिक सिस्टिक मास्टायटिस तो हा. दाह म्हणजे सूज, लाली, ताप, पू. यातले या अवस्थेत काहीच नसते. पण नाव टिकले. त्यानंतर फायब्रोअ‍ॅडिनोसिस, मॅझोप्लासिया, मॅमरी डिस्प्लासिया, फायब्रोसिस्टिक डिसीज अशी नावांची रांगच लागली. एका गावाला दहा नावे असली की टपाल चुकायचेच.

नावांचा घोळ चालू असताना अमेरिकेत सुरी पुढे गेली होती. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ मध्ये आपल्या पन्नास शस्त्रक्रियांचा अहवाल छापला. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी असे सगळे एकत्र काढायचे. पुढची सत्तर-पंच्याहत्तर वर्षे कर्करोगाला हेच उत्तर होते. उत्तर एवढे जबर म्हटल्यावर प्रश्न नीट तपासून घेणे भाग होते: टेबलावरच्या बाईला कर्करोग आहे हे आधी कळणार कसे? १८९१ मध्ये हॉल्स्टेड यांच्या एका शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांचे सहकारी विल्यम वेल्च यांनी गाठीचा तुकडा गोठवून त्याचा पातळ काप घेऊन पाहण्याचा प्रयत्न केला. गाठ साधी निघाली. पण उत्तर हाती येईपर्यंत हॉल्स्टेड यांची शस्त्रक्रिया उरकली होती.

हे तंत्र खऱ्या अर्थाने चालू झाले ते १९०५ मध्ये, मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकमध्ये. रुग्ण टेबलावर असतानाच गाठ कर्करोगाची आहे की नाही ते तुम्ही सांगू शकाल का, असे विल्यम मेयो यांनी लुई विल्सन यांना विचारले. तिथली थंडी ती. विल्सन यांनी तुकडा खिडकीबाहेर ठेवून गोठवला, असे सांगतात. मेथिलीन ब्लू या रंगाने काप रंगवून काही मिनिटांत उत्तर द्यायची रीत त्यांनी बसवली.

यातून हजारो स्तन वाचले असणार. पण याच सोयीतून एक नवा छळही जन्माला आला. बाईला भूल द्यायची, गाठ काढायची, शेजारच्या खोलीत काप पाहायचा, आणि कर्करोग निघाला तर त्याच भुलीत स्तन काढायचा. डोळे मिटताना तिला ठाऊक नसायचे की जागी झाल्यावर छातीवर काय असेल. साध्या गाठीच्या बाईलाही ती रात्र काढावी लागायची. अमेरिकेत याविरुद्ध ठामपणे उभ्या राहिलेल्यांत रोझ कुशनर ही पत्रकार होती. १९७४ मध्ये तिला स्वतःला गाठ लागली. आधी फक्त तपासणी करा, बाकीचे मी शुद्धीवर असताना ठरवू, असे ऐकणारा सर्जन मिळवताना तिची दमछाक झाली. १९७९ मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने तपासणी आणि शस्त्रक्रिया वेगवेगळ्या दिवशी करण्याची शिफारस केली.

हॉपकिन्समध्येच हॉल्स्टेड यांचे शिष्य जोसेफ ब्लडगुड गाठींची नोंद वर्षानुवर्षे ठेवत होते. बायका जसजशा लवकर दाखवायला येऊ लागल्या तसतसे साध्या गाठींचे प्रमाण वाढत चालल्याचे त्यांच्या लक्षात आले. छेद घेताना निळ्या घुमटासारखी वर येणारी पाण्याची गाठ त्यांनी प्रसिद्ध केली आणि तिच्यापायी अख्खा स्तन काढू नये, असे ते १९२० च्या दशकात लिहीत होते. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधल्या मार्टिन आणि एलिस यांनी जाड सुईने गाठीतल्या पेशी ओढून तपासण्याची पद्धत छापली. पाण्याची गाठ असेल तर त्याच सुईने पाणी निघते आणि गाठ हाताखालीच विरते. उपचार संपला.

म्हणजे १९६७ मध्ये माईची गाठ ओळखायला लागणारे सारे ज्ञान जगात होते. आमच्या भागातल्या त्या दवाखान्यात नव्हते. त्या दवाखान्याचे आणि सर्जनचे नाव मी इथे देत नाही. देऊन काय करायचे? मी त्यांच्या जागी उभी राहून पाहिले. अडतीस वर्षांची बाई, स्तनात चिवट, गाठाळ गोळा. मॅमोग्राफीचे यंत्र नाही, सोनोग्राफीचा तर तेव्हा पत्ताच नव्हता, तुकडा गोठवून पाहायची सोय नाही, नुसता तपासणीचा निकाल यायला तीन आठवडे. बाई एसटीने आलेली. पुन्हा बोलावली तर येईल याची खात्री नाही. आणि त्यांनी पाहिलेल्या बाकीच्या बहुतेक बायका गाठ फुटून वास येऊ लागल्यावर आलेल्या. त्यांनी स्तन काढला, याचा मला राग येत नाही. निकाल आल्यावर बाईला बोलावून चार शब्द सांगायला यंत्र लागत नव्हते, तेवढ्याचा येतो.

पुण्यात एका निवृत्त पॅथॉलॉजिस्टना मी तो कागद दाखवला. त्यांनी चष्मा काढून तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "बाई, हे आज कोणी आजार म्हणून लिहीत नाही."

ते असे का म्हणाले, त्याची गोष्ट १९८० च्या दशकातली आहे. १९८२ मध्ये बोस्टनच्या सुझन लव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू इंग्लंड जर्नलमध्ये एक लेख लिहिला. स्तनाच्या ज्या गाठाळपणाला फायब्रोसिस्टिक आजार म्हणतात तो मुळात आजार आहे का, असा त्याचा रोख. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर हे बदल बहुसंख्य बायकांत सापडतात. जे बहुसंख्यांत आहे त्याला आजार म्हणायचे कसे? तीन वर्षांनी नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातले डेव्हिड पेज आणि विल्यम ड्युपॉन्ट यांनी आकडे पुढे ठेवले. साध्या ठरलेल्या दहा हजारांहून अधिक तपासण्यांचे काप त्यांनी पुन्हा पाहिले आणि तीन हजारांहून अधिक स्त्रियांचे पुढे काय झाले ते शोधले. मध्यम कालावधी सतरा वर्षांचा. सत्तर टक्के स्त्रियांच्या बाबतीत पुढे कर्करोग होण्याचा धोका मुळीच वाढलेला नव्हता. जवळपास चार टक्क्यांत पेशींची वाढ विचित्र वळणाची होती आणि त्यांचा धोका चार-पाच पट होता. माझ्या मते या विषयातले सर्वांत मोलाचे काम हेच. सगळ्या जणींना घाबरवण्याऐवजी चार टक्क्यांवर लक्ष ठेवा, असे ते सांगत होते. आजार हा शब्द सोडून 'बदल' म्हणावे, असे अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनेनेही त्याच सुमारास सुचवले.

१९८७ मध्ये वेल्समधल्या कार्डिफच्या ह्यूज, मॅन्सेल आणि वेबस्टर या सर्जनांनी या सगळ्याची नवी मांडणी केली. स्तन हा आयुष्यभर बदलणारा अवयव. पंधरा ते पंचवीस या वयात दूधग्रंथी वाढतात. त्यातली एखादी जास्त वाढली की फायब्रोअ‍ॅडिनोमा. पुढे दर महिन्याला पाळीबरोबर स्तन भरतो आणि ओसरतो. त्यात थोडे मागेपुढे झाले की दुखणे आणि गाठाळपणा. पस्तिशीनंतर ग्रंथी हळूहळू मिटत जातात. ते मिटणे विषम झाले की पाण्याच्या गाठी, रुंदावलेल्या वाहिन्या. निरोगीपणा आणि आजार यांच्यात भिंत नसून उतार आहे, असे त्यांचे म्हणणे. माई अडतीस वर्षांची होती. तिचा स्तन त्या वयाला जे करायचे तेच करत होता.

आज हे सगळे ज्या रीतीने हाताळतात ते थोडक्यात सांगते. वाचणाऱ्या कोणाला उपयोगी पडेल. तपासणी तीन पायांवर उभी असते: डॉक्टरांचा हात, सोनोग्राफी किंवा चाळिशीच्या पुढे मॅमोग्राफी, आणि शंका असेल तिथे सुईने काढलेला तुकडा. तिघांचे एकमत झाले की उत्तर पक्के धरतात. तरुण मुलीची लहान, सरकणारी फायब्रोअ‍ॅडिनोमाची गाठ तशीच राहू देता येते. काही आपोआप लहान होतात. वाढत असेल किंवा मोठी असेल तर तेवढी गाठ काढतात, स्तन नव्हे. पाण्याची गाठ सुईने रिकामी होते. पाण्यात रक्त आले किंवा पाणी काढूनही गाठ उरली तर पुढे तपासायचे. पाळीच्या आधीचे दुखणे बहुतेकींना नीट मापाची आधार देणारी बॉडी आणि 'हा कर्करोग नाही' हे तपासून दिलेले उत्तर, एवढ्यावर सुसह्य होते. बाळंतिणीच्या दाहात अंगावर पाजणे थांबवायचे नसते. गळू झालेच तर आता सोनोग्राफीत पाहून सुईनेच पू काढतात. इथे सुश्रुताची आठवण होते. एका बाजूच्या एकाच भोकातून आपोआप येणारे रक्त, आत ओढले गेलेले स्तनाग्र, संत्र्याच्या सालीसारखी झालेली त्वचा, चिकटून बसलेली कठीण गाठ यांतले काही असेल तर मात्र मुहूर्त पाहू नये. आणि कोणतीही नवी गाठ एकदा दाखवावीच. साधी की नाही हे बाईने घरी ठरवायचे नसते.

हे मुद्दाम लिहिते, कारण माईची कहाणी ऐकून 'डॉक्टर उगाच कापतात' असे म्हणणारे मला भेटले आहेत. शांघायमध्ये दोन लाख सहासष्ट हजार गिरणी कामगार स्त्रियांवर मोठा प्रयोग झाला. निम्म्या जणींना स्वतःचा स्तन तपासायला शिकवले. २००२ मध्ये निकाल आला: कर्करोगाने झालेले मृत्यू दोन्ही गटांत जवळपास सारखेच, शिकवलेल्या गटात साध्या गाठींच्या तपासण्या मात्र पुष्कळ जास्त. म्हणजे नुसती भीती वाटून उपयोग नाही. दुसरीकडे आपल्या मुंबईत टाटा मेमोरियलच्या लोकांनी १९९८ पासून दीड लाख स्त्रियांमध्ये वेगळा प्रयोग केला. वस्त्यांतल्या, साधे शिक्षण घेतलेल्या बायकांना प्रशिक्षण दिले आणि त्यांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. वीस वर्षांनी पाहिले तर कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडत होते, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले होते. तपासणारा हात शिकलेला असणे आणि त्यानंतर नीट उत्तर मिळणे, या दोन्ही गोष्टी त्यात होत्या.

माईच्या कागदाची झेरॉक्स मी आतेबहिणीला दिली. तिने ती बरेच दिवस वाचली नाही. तीही आता साठीच्या पुढे आहे आणि दर वर्षी न चुकता मॅमोग्राफी करून घेते. आईला झाला म्हणजे मला होणारच, हे ती तिशीपासून धरून बसलेली. तपासणीआधी एक फॉर्म भरावा लागतो. 'आईला किंवा बहिणीला स्तनाचा कर्करोग होता का' या रकान्यात तिने इतकी वर्षे 'होय' लिहिले होते. मागच्या पौषात मी तिच्याबरोबर गेले होते. तिने पर्समधून झेरॉक्स काढली, पुन्हा एकदा शेवटची ओळ पाहिली, आणि तिथे 'नाही' लिहिले. मग काउंटरवरच्या मुलीने विचारले, मागच्या वर्षी होय होते, आता नाही कसे? आतेबहीण म्हणाली, "निकाल उशिरा पोचला."